कागदी कबड्डी लीगमधल्या नवोदितांच्या निवडीचे मूल्यमापन

१. विषय आणि मुद्दा

समजा, वाणगावातल्या आठ कबड्डीवेड्यांनी एक कागदी लीग सुरू केली. पालघर जिल्ह्यात कुमार गटात खेळणाऱ्या मुलांमधून प्रत्येकाने चार भिडू निवडायचे, ती मुले खऱ्या सामन्यांत जे गुण मिळवतील ते वहीत मांडायचे आणि हंगामअखेर कोणाचा संघ सरस ते ठरवायचे. हंगाम संपला की वाद ठरलेला: निवड कोणाची चांगली? बहुतेक जण चौघांच्या गुणांची बेरीज करून मोकळे होतात. पण त्या बेरजेत निवडणाऱ्याची पारख, त्याला मिळालेला क्रमांक आणि नशीब यांची सरमिसळ असते. पारख तेवढी वेगळी काढायची तर वजाबाकी करावी लागते. मिळालेल्या गुणांतून, त्याच क्रमांकावर सर्वसाधारण निवडीने जे गुण आले असते ते वजा करावेत. उरेल ती निवडणाऱ्याची कमाई. ही वजाबाकी कशी मांडायची आणि ती कुठे फसते, याचा विचार येथे केला आहे. पडताळ्यासाठी उदाहरणे २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमधली घेतली आहेत.

२. क्रमांकाचे मोल

निवडीचा क्रम साधारणपणे उलटसुलट ठेवतात: पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक, आणि पुढे तसेच. त्यामुळे पहिल्या माणसाच्या वाट्याला १, १६, १७ आणि ३२ हे क्रमांक येतात. आठव्याच्या वाट्याला ८, ९, २४ आणि २५. दोन्हींची बेरीज ६६, म्हणून वाटणी समान वाटते. प्रत्यक्षात ती समान नसते, कारण क्रमांकांचे मोल एकसारख्या उताराने घटत नाही. वरचे दोन-चार भिडू फार पुढे असतात आणि विसाव्याच्या खाली सगळे जवळपास सारखेच.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. पहिल्या क्रमांकाकडून १५०, सोळाव्याकडून ५०, सतराव्याकडून ४६ आणि बत्तिसाव्याकडून १५ गुणांची अपेक्षा धरली, तर एकूण २६१ होतात. आठव्याकडून ९०, नवव्याकडून ८५, चोविसाव्याकडून २८ आणि पंचविसाव्याकडून २६ धरले, तर २२९. आता पहिल्याच्या संघाने २४० आणि आठव्याच्या संघाने २३५ गुण मिळवले असतील, तर बेरजेत पहिला पाच गुणांनी पुढे आहे. वजाबाकीत मात्र तो २१ गुणांनी तोट्यात आणि आठवा ६ गुणांनी नफ्यात. अपेक्षेचे आकडे अंदाजाने ठरवू नयेत. आधीच्या दोन-तीन हंगामांच्या वह्यांवरून प्रत्येक क्रमांकाची सरासरी काढावी.

३. चढाईपटू आणि बचावपटू

दोघांना एकच माप लावले की बचावपटूवर अन्याय होतो. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात सर्वाधिक चढाई-गुण आशू मलिकचे होते, २७६. पकडीचे सर्वाधिक गुण मोहम्मदरेझा शादलूचे, ९९. दोघेही आपापल्या कामात अव्वल, पण आकड्यांत जवळपास तिपटीचे अंतर. कारण खेळाच्या रचनेतच आहे. मुख्य चढाईपटू सामन्यात पुन्हा पुन्हा चढाईला जातो, तर एखाद्या कोपऱ्याच्या, म्हणजे कोपरा सांभाळणाऱ्या बचावपटूच्या, वाट्याला पकडीची खरी संधी मोजक्याच वेळा येते. म्हणून वजाबाकी त्या-त्या प्रकाराच्या आतच करावी: चढाईपटू चढाईपटूंशी, कोपरा कोपऱ्याशी, मध्यरक्षक मध्यरक्षकाशी.

४. गुणांची जात

सगळे गुण एका तोलाचे नसतात. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे झुकतो, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवतो, त्याच क्षणी मागचा पाय हवेत असतो. पंच अंगठा दाखवतात आणि गडी परत फिरतो. वहीत एक गुण पडला. पण बोनस समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो. म्हणजे हा गुण भरल्या मैदानावरचा आहे. समोर चार उरले आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई आली, की तिथे स्पर्शाशिवाय गत्यंतर नाही. ज्याचे निम्मे गुण बोनसचे आहेत तो वरच्या पातळीवर, जिथे कोपरे घोट्यावर टपून असतात, तिथे टिकेलच असे नाही. म्हणून वहीत स्पर्श, बोनस, तिसरी चढाई आणि समोरच्या बचावपटूंची संख्या असे चार रकाने हवेत.

शिवाय चढाईपटूचे गुण पुष्कळदा त्याच्या बचावफळीने कमावलेले असतात. बाद झालेला गडी बहुधा संघाने समोरचा गडी बाद केल्यावरच आत येतो. ज्याच्या पाठीशी पकडी करणारे आहेत तो लवकर परततो आणि त्याच्या चढाया वाढतात. दुबळ्या संघातला तितकाच चांगला मुलगा बाहेर बसून राहतो. त्यावर उपाय म्हणजे एकूण गुणांबरोबर दर चढाईमागचे गुणही काढावेत.

५. किंमत: सिद्धार्थ देसाईचे उदाहरण

क्रमाऐवजी लिलाव असेल तर क्रमांकाच्या जागी किंमत येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने २०१८ च्या लिलावात ३६.४ लाखांना घेतले. पदार्पणाच्या त्या हंगामात त्याने २१८ चढाई-गुण मिळवले; एका गुणाला सुमारे १६,७०० रुपये पडले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. त्याने २१७ गुण दिले, म्हणजे गुणामागे सुमारे ६६,८०० रुपये. खेळाडू तोच, गुण जवळपास तितकेच, भाव चौपट. पहिल्या खरेदीत पारख होती. दुसऱ्या खरेदीत सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीची पूर्ण किंमत चुकवलेली होती. मुंबईकडे तेव्हा पाठीशी फजल अत्राचलीसारखा कोपरा होता, तोही पूर्ण एक कोटीला घेतलेला. म्हणजे देसाईच्या स्वस्त गुणांत अत्राचलीच्या महाग पकडींचा वाटा होता.

६. काळ

पहिल्या हंगामावर शिक्कामोर्तब करू नये. दिल्लीच्या संघाचा नवीन कुमार सहाव्या हंगामात आला तेव्हा होतकरू एवढीच त्याची ओळख होती. सातव्यात त्याने ३०१ चढाई-गुण मिळवले आणि तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चिकूच्या कलमाला पहिल्या वर्षी किती फळ धरले यावरून वाणगावात कोणी वाडीचा हिशोब मांडत नाही. निवडीचा पहिला निकाल एका हंगामानंतर द्यावा तो तात्पुरता, आणि पक्का तिसऱ्यानंतर.

कुमार गटाची आणखी एक अडचण आहे. तिथे वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. हलक्या अंगाच्या मुलांत जो साखळी तोडून सुटतो तो खुल्या गटात तसाच सुटेल याची खात्री नसते. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याला मॅटवर बूट घालून वळण्याची सवय लागायलाही वेळ लागतो. आणि या पट्ट्यात खेळ सुटण्याचे कारण बहुधा दुखापत नसते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम मिळाले की संध्याकाळचा सराव बंद होतो. असा मुलगा पुढच्या वर्षी वहीत शून्यावर दिसतो. ते शून्य त्याच्या खेळाचे नाही, पण निवडणाऱ्याच्या खात्यात ते पडणारच. मुलगा मैदानावर टिकेल का, हाही पारखीचाच भाग आहे.

७. राखण्याचे मोल: पुण्याचे उदाहरण

पुणेरी पलटणने पंकज मोहितेला २०१९ मध्ये आणि अस्लम इनामदार व मोहित गोयत यांना २०२१-२२ च्या आठव्या हंगामात संधी दिली. ही मुले संघाने राखली. आठव्या हंगामात प्लेऑफ, नवव्यात उपविजेतेपद आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून विजेतेपद, कर्णधार इनामदारच. त्या संघात २.३५ कोटींचा शादलूही होता, त्यामुळे सगळे श्रेय नवोदितांना देता येणार नाही. पण शादलूवर एवढी रक्कम लावता आली, कारण चढाईची बाजू स्वस्तात घेतलेल्या आणि घरच्या घरी वाढवलेल्या मुलांनी सांभाळली होती. नवोदितांच्या निवडीची कमाई अशी दुसऱ्याच्याच खरेदीत दिसते.

८. निष्कर्ष

मुंबईला देसाईकडून एका वर्षात मिळालेला नफा, दरडोई पाहिला तर, पुण्याच्या कोणाहीपेक्षा मोठा असेल. तरी तीन हंगामांच्या हिशोबात पुण्याची निवड सरस ठरते, कारण मुंबईचा नफा एका लिलावात बाजाराने परत घेतला आणि पुण्याचा साचत गेला. वाणगावच्या लीगनेही म्हणून दोन गोष्टी निवडीआधीच ठरवाव्यात. किती भिडू पुढच्या वर्षी राखता येतील तो नियम. आणि प्रत्येक नावापुढे, ते का घेतले याची एक ओळ. नियमावाचून पारखीचे मोल ठरत नाही, आणि ती ओळ लिहिलेली नसेल तर हंगामअखेर प्रत्येक जण आपल्या नशिबाला पारख म्हणायला मोकळा असतो.