सात आण्यांचा हिशेब: मक्बऱ्याचा अताउल्लाह आणि दोनचे घात

बीबी का मक्बऱ्याच्या खर्चाचा एक आकडा औरंगाबादवर लिहिणारे बहुतेक सगळेच देतात. गुलाम मुस्तफा यांच्या 'तारीखनाम्या'त तो आहे: 6 लाख 68 हजार 203 रुपये आणि 7 आणे. हा आकडा सांगितला जातो तो बहुधा मक्बरा ताजमहालापेक्षा किती स्वस्तात उरकला हे दाखवण्यासाठी. 'गरिबांचा ताज', 'ताजची नक्कल' अशी नावं त्याला कधीचीच चिकटली आहेत.

परवा भाच्याला घेऊन मक्बऱ्यात गेलो होतो. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला हा आकडा सांगितला तर म्हणाला, "मामू, एवढ्या लाखांत सात आणे कुणी मोजले?" मग त्याच्या नोकरीच्या मुलाखतीचा विषय निघाला. तिथं त्याला विचारलं होतं की, एखादी संख्या दोनचा घात आहे की नाही हे झटकन कसं ओळखायचं? म्हणजे 2, 4, 8, 16, 32, 64 या रांगेत ती बसते का? त्याला उत्तराची एक ओळ पाठ होती. संख्येतून एक वजा करा, मूळ संख्या आणि आलेली संख्या द्विमान पद्धतीत एकाखाली एक ठेवा, दोन्हींत एकाच जागी 1 कुठंच आला नाही तर उत्तर 'हो'. पुढचा प्रश्न आला, 'असं का?' आणि तो गप्प झाला. मला म्हणाला, "हे सगळं तिकडचं आहे मामू, आपल्याकडं हे कुठं होतं?"

हे वाक्य मला लागलं. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखंच वाटणाऱ्या सगळ्यांसाठी.

दादीची पायली

मेट्रिक मापं येण्याआधी आपल्या घरांत धान्य कसं मोजत होते ते आठवा. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही नावं मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ आहेत. जुनं कोष्टक असं होतं: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप खालच्याच्या बरोबर दुप्पट. पायलीत 64 निळवी बसतात. गावोगावी पायलीचं वजन बदलत असे, पण ही दुपटीची साखळी तीच.

आता भरलेल्या पायलीतून एकच निळवं ज्वारी काढून घ्या. उरली 63 निळवी. ती मोजायला कोणकोणती मापं लागतील? एक अधोली (32), एक शेर (16), एक मापटं (8), एक चिपटं (4), एक कोळवं (2) आणि एक निळवं (1). बेरीज 63. म्हणजे पायलीच्या खालचं प्रत्येक माप एकेकदा भरलं आणि पायली मात्र रिकामी राहिली. आधीच्या मोजणीत फक्त पायली होती, नंतरच्या मोजणीत पायली सोडून बाकी सगळी. दोन्हींत सामाईक माप एकही नाही.

आता 48 निळवी घ्या. एक अधोली आणि एक शेर. त्यातून एक निळवं काढलं तर 47 उरतात: अधोली, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. शेर मोडला, पण अधोलीला धक्का लागला नाही. ती दोन्ही मोजण्यांत आहे. म्हणून 48 हा दोनचा घात नाही.

भाच्याची ती पाठ केलेली ओळ एवढंच सांगते. एक वजा केल्यावर सगळ्यांत लहान भरलेलं माप मोडतं आणि त्याच्या खालची सगळी भरतात. वरची आहेत तशीच राहतात. वर काही उरलंच नसेल, म्हणजे मुळात एकच माप भरलेलं असेल, तरच सामाईक काही सापडत नाही. शून्य तेवढं आधीच बाजूला ठेवायचं, कारण त्यात मोडायलाच काही नसतं. संगणक 64 जागांची संख्यासुद्धा एक वजाबाकी आणि एक तुलना करून तपासतो, ती याच युक्तीने.

आणि ते सात आणे? ते आठ आण्यांना एक कमी. म्हणजे एक पावली, एक चवली आणि एक आणा. अधेलीच्या खालचं प्रत्येक नाणं एकेक.

निम्मं करत जा

याहून जुनी आणि सोपी परीक्षा आहे ती निम्मं करत जाण्याची. 64 चे 32, 16, 8, 4, 2, 1. वाटेत एकाशिवाय दुसरी विषम संख्या भेटली नाही तर तो दोनचा घात. ग्रीक गणिती निकोमेकसने अशा संख्यांना वेगळं नाव दिलं होतं. त्याच्या अंकगणिताच्या ग्रंथाचं अरबी भाषांतर केलं नवव्या शतकातल्या साबित इब्न कुर्राने. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान अस-सफा' या विद्वानमंडळाने आपल्या रिसाल्यांतला पहिलाच रिसाला संख्यांवर लिहिला. त्यात या संख्यांना नाव आहे 'ज़ौज अल-ज़ौज', म्हणजे समांची सम. एकापर्यंत निम्मी होत जाते ती. म्हणजे व्याख्या हीच परीक्षा.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. निकोमेकस ग्रीक होता आणि साबित हर्रानचा साबी, मुसलमान नव्हता. अरबीत लिहिलं गेलेलं सगळंच मुसलमानांचं नव्हतं.

त्या काळच्या हिशेबाच्या पुस्तकांत दुप्पट करणं आणि निम्मं करणं या बेरीज-वजाबाकीसारख्या स्वतंत्र क्रिया मानल्या जात. दमास्कसमध्ये इ.स. 952-53 मध्ये अल-उक्लीदिसीने 'हिंदी हिशेबा'वर, म्हणजे भारतीय अंकांच्या गणितावर ग्रंथ लिहिला. त्यात 19 ही संख्या पाच वेळा निम्मी केली आहे. ती विषम, मग पहिल्याच पायरीला अडते. उक्लीदिसी तिथं थांबत नाही. एककाच्या जागेवर खूण करतो आणि पुढं अंक लिहीत जातो. उत्तर येतं 0.59375. दशांश अपूर्णांकांचा आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांतला सर्वांत जुना वापर म्हणून हे उदाहरण ओळखलं जातं. जिथं निम्मं होत नव्हतं, तिथूनच पुढची वाट निघाली.

दोन आण्यांचा हिस्सा

आपल्या वाचकांना निम्म्याची ही रांग दुसऱ्या एका ठिकाणीही ओळखीची वाटेल. कुरआनात वारसांचे सहा ठराविक हिस्से आहेत. एक कुटुंब अर्धा, पाव आणि आठवा यांचं, दुसरं दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि सहावा यांचं. अल-ख्वारिज्मीच्या ज्या ग्रंथावरून 'अल्जेब्रा' हा शब्द आला, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांनी भरलेला आहे.

निजामाच्या राज्यात आपल्याकडं हाली सिक्का चालत होता. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै. मूलबाळ असलेल्या विधवेचा आठवा हिस्सा म्हणजे रुपयात बरोबर दोन आणे. आईचा सहावा म्हणजे दोन आणे आठ पै. रुपयाच्या 192 पै होतात. ही संख्या निम्मी करून पाहा: 96, 48, 24, 12, 6, 3. तीनवर अडली. दोनचा घात नाही, आणि ते बरंच आहे. तो तीन पोटात असल्यामुळेच रुपयाची तिसरी आणि सहावी वाटणी पै न मोडता होते. नुसत्या 64 पैशांच्या रुपयाला हे जमत नाही.

इतका सोपा हिशेब असूनही आपल्या किती घरांत बहिणीचा, आईचा हिस्सा प्रत्यक्ष दिला जातो? 'जमीन थोडी, वाटण्या होत नाहीत' हे कारण मी माझ्याच नात्यात ऐकलं आहे. वाटण्या होतात. 1957 च्या एप्रिलपासून नवे पैसे आले आणि आणे-पै गेले, पण आठवा हिस्सा आठवाच राहिला.

घाटापलीकडचं पाटण

औरंगाबादहून कन्नड आणि तिथून घाट उतरलं की चाळीसगाव. जवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. इ.स. 1207 मध्ये, यादव राजा सिंघणाच्या काळात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं वचन दिलं. महिन्यात किती निष्क होतील? उत्तर 2,14,74,83,646 कवड्या, म्हणजे 1,04,857 निष्क आणि वर थोडी मोड. लीलावतीच्या कोष्टकात 16 पणांचा द्रम्म आणि 16 द्रम्मांचा निष्क होतो. सोळाचा हिशेब या मातीत रुपयाच्या कितीतरी आधीपासून आहे.

तीस वेळा दुप्पट न करता उत्तर काढायची रीतही तिथं आहे. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शून्यापर्यंत जा आणि मग उलटे या. 30 साठी उलट येताना मिळतात 2, 4, 8, 64, 128, 16384, 32768 आणि शेवटी 1,07,37,41,824. तीसऐवजी आठ पायऱ्यांत काम झालं. मग एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणलं की वरचं उत्तर येतं. या रीतीचं मूळ भास्कराचार्यांच्याही खूप आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात आहे. तिथं लघु-गुरूंच्या किती रचना होतात ते मोजायचं होतं.

आता हीच रीत बुद्धिबळाच्या 64 घरांना लावा. 64 निम्मे करत गेलो तर सहा वेळा नुसतं 'वर्ग' येतं आणि 'गुण' फक्त अगदी शेवटी. म्हणून नुसते वर्ग करत जायचं: 2, 4, 16, 256, 65536, 4294967296 आणि मग 18446744073709551616. त्यातून एक वजा केला की पटावरच्या सगळ्या दाण्यांची बेरीज. इ.स. 1000 च्या सुमारास अल-बिरूनीने 'आसार अल-बाकिया'त वर्ग करत जाऊनच ही बेरीज काढली आहे. पुढं त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात इथल्या छंदशास्त्राला जागा दिली आणि पिंगलाचं नावही घेतलं.

अताउल्लाहने काय वाचलं होतं

1587 मध्ये अकबराच्या हुकमावरून फैजीने लीलावती फारसीत आणली. भास्कराचार्यांचं 'बीजगणित' मात्र राहिलं होतं. ते 1634-35 मध्ये फारसीत आलं आणि शाहजहानला अर्पण झालं. भाषांतर करणाऱ्याचं नाव अताउल्लाह रुश्दी, ताजमहालाचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा.

हाच अताउल्लाह पुढं औरंगाबादेत आला आणि दिलरस बानू बेगम यांच्या कबरीवर त्याने मक्बरा उभा केला. मक्बऱ्याच्या प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावं आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि त्याच्यासोबत हंसपत राय.

ज्या गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी घाटापलीकडं मठ निघाला, त्याचं बीजगणित भाषांतरासाठी ओळीनं ओळ वाचलेला माणूस साडेचारशे वर्षांनी घाटाच्या अलीकडं घुमटाची मापं काढत होता. मक्बऱ्याला 'नक्कल' म्हणणाऱ्यांनी आणि 'आपल्याकडं हे कुठं होतं' म्हणणाऱ्या आपल्या पोरांनी, दोघांनीही त्या दरवाजासमोर एकदा थांबायला हवं.

यावरून 'संगणक आमच्याच पूर्वजांनी शोधला' असं कुणी म्हणू नये. हे वाक्य हल्ली दोन्हीकडून ऐकू येतं, कधी वेदांच्या नावाने, कधी बगदादच्या. पिंगल, निकोमेकस, साबित, बिरूनी, भास्कराचार्य यांतल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर संगणक नव्हता. त्यांच्यासमोर वृत्तं होती, कवड्या होत्या, सोंगट्यांचा पट होता. प्रत्येकाने दुसऱ्याचं वाचलं, समजून घेतलं आणि आपल्या भाषेत आणलं. आपला वारसा म्हणून सांगायचं असेल तर हे समजून घेणं सांगावं.

घरी परतल्यावर भाच्याला कोठीतली दादीची जुनी मापं काढून दिली. पायली आहे, अधोली आहे, शेर, मापटं आणि चिपटं आहे. कोळवं आणि निळवं कधी हरवली ते आता कुणालाच आठवत नाही. म्हटलं, चिपट्यालाच एक धर. त्याने पायली ज्वारीने भरली, चिपटंभर काढून घेतली आणि उरलेली मोजली: अधोली, शेर, मापटं, चिपटं. एकेकच. पायली रिकामी.

"पुढच्या वेळी विचारलं तर हेच सांगेन," म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "मामू, नानीचा आठवा हिस्सा दिला होता का आपल्याकडं?"

त्याचं उत्तर द्यायला मला मापं लागली नाहीत. नव्हता दिला.