अ‍ॅक्सेसमध्ये डेटा भरताय? डेटाशीट घ्यावी की कंटिन्युअस फॉर्म?

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये एकाच वेळी अनेक नोंदी दाखवण्याचे हे दोन पर्याय आहेत.

डेटाशीट: दिसायला एक्सेलसारखी. बाणाच्या कीने वर-खाली जाता येतं, कॉलम लहान-मोठे करता येतात. भराभर नोंदी करणाऱ्यांसाठी सोयीची. पण यात बटणं आणि फॉर्मचं हेडर-फूटर दिसत नाही.

कंटिन्युअस फॉर्म: मांडणी तुमच्या हातात. प्रत्येक नोंदीशेजारी बटण, वर शोधाची चौकट ठेवता येते. कधीतरीच डेटा भरणाऱ्यांसाठी हा बरा.

हे लक्षात ठेवा: दोन्हींत पुढच्या ओळीवर गेलात की आधीची नोंद आपोआप सेव्ह होते, चुकलेलीसुद्धा! म्हणून रक्कम, तारीख यांचे नियम थेट टेबलमध्येच लावा. मग फॉर्म कोणताही असो, नियम मोडणारी नोंद अडते.