अजमलीन व हृदयाची लय

अजमलीन : सर्पगंधा (रावोल्फिया सर्पेंटिना) या वनस्पतीच्या मुळांपासून मिळणारे अल्कलॉइड. हे लहान झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण व सह्याद्रीपर्यंत आढळते. उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर त्याची मुळी पूर्वापार देत असत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी व त्यांचे सहकारी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांचे नाव दिले.

मुळीला जगभर कीर्ती मिळाली ती मात्र मुंबईतून. रुस्तुम जाल वकील यांनी अतिरिक्त रक्तदाबाच्या ५० रुग्णांना तिच्या गोळ्या देऊन काढलेले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल मध्ये प्रसिद्ध झाले. १९५२ मध्ये बाझेल येथे रेसर्पीन वेगळे करण्यात आले आणि सर्पगंधा म्हणजे रक्तदाबाचे औषध, असे समीकरण रूढ झाले. हृदयाच्या दृष्टीने तितकेच लक्षणीय असलेले अजमलीन त्या मानाने उपेक्षित राहिले.

हृदयाचा ठोका उजव्या अलिंदातील एका गाठीतून निघणाऱ्या विद्युत् आवेगामुळे पडतो. ही गाठ कीथ व फ्लॅक यांनी १९०७ मध्ये वर्णिली. तेथून आवेग टावारा यांनी १९०६ मध्ये दाखविलेल्या अलिंद-निलय गाठीतून हिस यांच्या जुडग्यात व पुढे पुर्किन्ये तंतूंवाटे निलयांत पोहोचतो. स्नायुकोशिकांत सोडियम आयन शिरण्याचे मार्ग अजमलीन अंशतः रोखते, त्यामुळे आवेगाची गती मंदावते. वोल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णिलेल्या विकारात अलिंद व निलय यांना जोडणारी जन्मजात आडवाट असते. तीही या औषधाने बंद होऊ शकते.

पेद्रो व जोसेप ब्रुगादा या बंधूंनी १९९२ मध्ये एका विकाराचे वर्णन केले. त्यात हृदयाची रचना निर्दोष दिसूनही निलयांची लय अकस्मात बिघडते व मृत्यू ओढवतो, पुष्कळदा झोपेत. १९९८ मध्ये काही कुटुंबांत याचे मूळ सोडियम-मार्गाच्या जनुकातील दोषात सापडले. अशा व्यक्तीचा विद्युत् हृल्लेख एरवी सामान्यही असू शकतो. अजमलीन शिरेतून दिल्यास आधीच दुबळे असलेले मार्ग आणखी क्षीण होतात आणि हृल्लेखात विकाराची खूण उमटते. मृताच्या भावंडांची व मुलांची तपासणी यामुळे शक्य झाली. औषधाचा प्रभाव अल्पकाळ टिकतो, ही येथे सोयीची गोष्ट होय. तथापि चाचणीत घातक लयविकार उद्‌भवू शकतो. म्हणून विद्युत् धक्क्याने लय पूर्ववत करणारे उपकरण सज्ज ठेवूनच ती करतात. अजमलीन उपलब्ध नसेल तेथे फ्लेकाइनाइड किंवा प्रोकेनामाइड वापरतात.