वकिलाला द्यायला पैसे नाहीत? पोटगी, घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील असा मिळतो

नवरा-बायकोचा वाद कोर्टात गेला की पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, पैशांचा असतो. वकिलाची फी कुठून आणायची, दर तारखेला जायचा-यायचा खर्च कोण करणार, या विचारात अनेक जणी माहेरी येऊन वर्ष-दोन वर्षे नुसत्या बसून राहतात. दुसरीकडे, समन्स हातात पडूनही वकील नाही म्हणून तारखेला न जाणारेही असतात.

या दोघांनाही न्यायालयात मोफत मदत मिळू शकते. ही कुणाची मेहेरबानी नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, पण अर्ज केल्याशिवाय तो सहसा पदरात पडत नाही.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे उदाहरण घेऊन ही पद्धत समजून घेऊ. गाव शिरूर तालुक्यात आहे आणि शेजारीच दौंड तालुका आहे. त्यामुळे माहेर एका तालुक्यात आणि सासर दुसऱ्या तालुक्यात, असे इथे सहज घडते.

हा हक्क आला कुठून?

१९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ आला. पैशांअभावी कुणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे तो सांगतो. त्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. म्हणूनच ९ नोव्हेंबर हा देशभर विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याने चार पायऱ्यांची रचना उभी केली. दिल्लीत राष्ट्रीय, मुंबईत महाराष्ट्र राज्य आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. सर्वांत खाली तालुका विधी सेवा समिती असते. तिचे अध्यक्ष त्या ठिकाणचे सर्वांत ज्येष्ठ न्यायिक अधिकारी असतात. इनामगावच्या माणसाने आधी शिरूरच्या न्यायालयात जाऊन या समितीची चौकशी करावी. पुणे जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो?

कायद्याच्या कलम १२ नुसार पुढील व्यक्ती पात्र ठरतात:

• कोणतीही स्त्री आणि कोणतेही बालक
• अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती
• दिव्यांग व्यक्ती
• औद्योगिक कामगार
• मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती
• पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीतील पीडित
• कोठडीत असलेली व्यक्ती
• ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपये आहे

उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. स्त्रीला ती लागू नाही. माहेरी दहा एकर बागायत असली किंवा ती स्वतः नोकरी करत असली, तरी मोफत वकील मागण्याचा तिचा हक्क कायम राहतो.

हे फक्त बायकांसाठी आहे का?

नाही. शेतमजुरी करणारा, उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेला नवराही अर्ज करू शकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दिव्यांग पुरुषाला उत्पन्नाची अट नाही. मुलगा सांभाळत नाही म्हणून पोटगी मागणारे म्हातारे आई-वडीलही याच मार्गाने वकील मागू शकतात. नवरा-बायको दोघेही पात्र असतील, तर दोघांना वेगवेगळे वकील दिले जातात.

केस कुठे दाखल होते?

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा आहे. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात कुटुंब न्यायालय स्थापन करणे त्याने बंधनकारक केले. जिथे कुटुंब न्यायालयाचे कार्यक्षेत्र नाही, तिथे ही प्रकरणे नेहमीच्या न्यायालयांत चालतात.

पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. हिंदू विवाह कायद्याखालची घटस्फोटाची याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते. मुलाच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज असेल, तर मूल सामान्यतः कुठे राहते ते पाहिले जाते. आपले प्रकरण नेमके कोणत्या न्यायालयात बसते, हेही समितीच्या कार्यालयात विचारता येते आणि त्या सल्ल्याला पैसे लागत नाहीत.

समजा, इनामगावची मुलगी लग्न होऊन दौंड तालुक्यात गेली आणि आता माहेरी परतली आहे. तिला केससाठी दौंडलाच खेटे घालावे लागतील का? नाही. पोटगीचा आणि हिंसाचाराचा अर्ज ती सध्या राहते तिथल्या न्यायालयात, म्हणजे शिरूरला करू शकते. घटस्फोटाची याचिकाही पत्नी राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करता येते. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली.

अर्ज कसा करायचा?

समितीकडे छापील अर्ज मिळतो. नाव, पत्ता, कोणत्या गटात पात्र आहात आणि वाद थोडक्यात काय आहे, एवढी माहिती त्यात लागते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. तिथल्या अधिकाऱ्याने किंवा विधी स्वयंसेवकाने अर्ज भरून तो वाचून दाखवायचा असतो. उत्पन्नाच्या गटातून अर्ज असेल, तर उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. अर्ज राष्ट्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. माहितीसाठी १५१०० ही हेल्पलाइन आहे.

अर्जावर एका आठवड्याच्या आत निर्णय होणे अपेक्षित आहे. अर्ज फेटाळला, तर त्याविरुद्ध दाद मागता येते.

काय काय मोफत मिळते?

पॅनेलवरील वकील, अर्ज-याचिका तयार करणे, टायपिंग, कोर्ट फी, समन्स बजावण्याचा खर्च, निकालाच्या प्रमाणित प्रती, गरज पडल्यास कागदपत्रांचा अनुवाद, हे सगळे विधी सेवेत येते. याशिवाय महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केलेली आहे. त्यामुळे खासगी वकील लावलेल्या स्त्रीलाही या माफीचा लाभ घेता येतो.

पॅनेलवरील वकिलाची फी प्राधिकरण देते. त्याने पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितलेच, किंवा वकील तारखेला येतच नसेल, तर समितीकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

उशीर का महागात पडतो?

‘आधी पैसे जमवू, मग केस करू’ हा विचार तोट्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात पोटगीबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. हा खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झाला होता. पत्नीला दरमहा १५ हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली होती आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. केस दोन वर्षे चालली तरी त्या दोन वर्षांची पोटगी मिळू शकते. अर्जच दोन वर्षे उशिरा केला, तर मात्र तेवढा काळ हातातून जातो.

१ जुलै २०२४ पासून पोटगीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून ओळखली जायची. अंतरिम पोटगीचा अर्ज, शक्यतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. पोटगी मंजूर होऊनही मिळाली नाही, तर थकबाकी वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ही मुदत विसरू नये.

समन्स आले आणि वकील नाही, मग?

तारखेला स्वतः हजर राहावे आणि ‘मला विधी सेवा समितीकडून वकील हवा आहे’ असे न्यायाधीशांना सांगून मुदत मागावी. गैरहजर राहिल्यास प्रकरण एकतर्फी चालू शकते. पोटगीचा एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायचा असेल, तर सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

कुटुंब न्यायालयात तर पक्षकाराने स्वतःच बाजू मांडावी, हाच मूळ नियम आहे. तिथे वकील लावणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. मात्र न्यायाच्या हितासाठी गरज वाटल्यास न्यायालय स्वतःच्या मदतीला कायदेतज्ज्ञ नेमू शकते.

कोणते कागद जवळ ठेवावेत?

लग्नाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो, आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिले.

सर्वांत कठीण असते ते समोरच्याचे उत्पन्न दाखवणे. नोकरदाराची पगारपत्रक निघते, शेतकऱ्याची निघत नाही. म्हणूनच २०२० च्या त्या निकालात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात सातबारा आणि आठ-अ उतारा, कारखान्याचे ऊसबिल, दूध डेअरीचा हिशोब हे कागद इथे उपयोगी पडतात. सातबारा ऑनलाइन पाहता येतो.

मारहाण होत असेल तर?

कोर्टाच्या तारखेची वाट पाहू नये. पोलिसांसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ नुसार संरक्षण अधिकाऱ्याने पीडितेला मोफत विधी सेवा मिळेल हे पाहायचे असते. पोलिसांनीही या हक्काची माहिती तिला द्यायची असते. अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत ठेवावी, असे कायद्यात आहे.

तडजोड करायची असेल तर?

केस दाखल होण्याआधीही समितीमार्फत समुपदेशन किंवा मध्यस्थी मागता येते. लोकअदालतीत पोटगीसारख्या वादात तडजोड झाली, तर त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून सही करण्याआधी कागद पूर्ण वाचून घ्यावा. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. तडजोड करण्याची सक्ती कुणावरही नसते. तडजोड नाकारली म्हणून मोफत वकिलाचा हक्क जात नाही.