कुमुदिनींचे तळे आणि पाण्याखालचा उजेड

मद्रास शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाले; पण त्यातल्या ट्रिप्लिकेन या जुन्या वस्तीचे नाव त्याहून विलक्षण आहे. इंग्रजी उच्चाराआड ‘तिरु-अल्लि-केणि’, म्हणजे कुमुदिनींचे पवित्र तळे, हे तमिळ नाव दडले आहे. कुमुदिनीचे पान पाण्यावर पसरते. उन्हाची त्याला ददात नसते. पण हायड्रिलासारख्या, पाण्यातच बुडून राहणाऱ्या वनस्पतींनी काय करावे?

या प्रश्नाचा इतिहास १७७९ साली सुरू होतो. यान इंजेनहाउस या डच वैद्याने हिरवी पाने पाण्यात बुडवून पाहिली. उन्हात त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघत. अंधारात ते थांबत. पुढे बुडबुडे मोजणे हीच संशोधकांची मोजपट्टी ठरली. मात्र सारे बुडबुडे सारख्या आकाराचे नसतात. म्हणून कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाच निवडली आणि तिने सोडलेल्या प्राणवायूची आपोआप नोंद करणारे यंत्र रचले. १९२४ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उजेड वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढते, पण अमर्याद नव्हे. चुलीत जाळ कितीही वाढवला, तरी परातीत पीठच नसेल तर भाकरी वाढत नाही. कर्बवायू किंवा उष्णता अपुरी पडली की अधिक प्रकाश व्यर्थ जातो, हे केंब्रिजच्या ब्लॅकमन यांनी १९०५ सालीच मांडले होते. उलट उजेड फारच मंदावला, तर वनस्पती निर्माण करते त्याहून अधिक प्राणवायू स्वतःच्या श्वसनात खर्च करते.

ही दुसरी मर्यादा आपल्या तळ्यांना अधिक जाचते. एस. व्ही. गणपती यांनी एका मंदिराच्या तळ्याचा अभ्यास १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या तळ्यावर सूक्ष्म शैवालाचा हिरवा थर कायमचाच पसरलेला होता. असा थर वरच्या वर ऊन अडवतो. दिवसा पृष्ठभागी प्राणवायू मुबलक असतो, तळाशी मात्र दुष्काळ. रात्री तर सारेच जीव तो खर्च करतात, आणि पहाटे मासे गुदमरू लागतात.

तळ्यात सांडपाणी सोडणारा केवळ पाणीच नासवतो असे नाही. तो त्याच्या तळापर्यंत पोहोचणारा सूर्यही हिरावून घेतो.