टेलच्या गावांचे ब्रॉडबँड : प्रस्तावना

ग्रामीण इंटरनेटचा अभ्यास नेमका कोणत्या विषयात मोडतो, असा प्रश्न नवे विद्यार्थी हमखास विचारतात. अभियांत्रिकी म्हणावे तर त्यात ग्रामपंचायतीचे राजकारण येते, अर्थशास्त्र म्हणावे तर जेसीबी आडवा येतो. छत्रपती संभाजीनगरातून या क्षेत्रात येणाऱ्यांना माझी सूचना अशी, की सुरुवात पैठणपासून करावी.

तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली. धरण उभे राहिले, कालवे निघाले, हेक्टरांचे आकडे छापून आले. पण निर्माण झालेली सिंचन क्षमता आणि खरोखर भिजलेली जमीन यांचा मेळ बसेना. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी का पोहोचत नाही, हे शोधण्यात मराठवाड्यातल्या अभ्यासकांची हयात गेली. १९८० साली सुरू झालेली ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था छत्रपती संभाजीनगरातच आहे. फायबरच्या अभ्यासकाला हे सगळे काम आयते मिळते, आणि ते न वाचता पुढे जाणे मला तरी करंटेपणाचे वाटते.

कारण भारतनेटची गोष्ट फारशी वेगळी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ही योजना राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर केली. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचे, असा बेत होता. २०१७ च्या अखेरीस एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ म्हणून बरेच काम स्वतःकडे घेतले. या सगळ्याचे मोजमाप ‘सर्व्हिस रेडी’ ग्रामपंचायतींत होते. यंत्र बसले, सिग्नल मिळाला, की गाव त्या रकान्यात जाते. पुढे शाळेला जोडणी मिळाली का, संगणक परिचालकाचे काम त्यावर चालते की तो स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बसतो, यासाठी रकाना नाही.

शिवाय जोडणी ग्रामपंचायतीला आहे, गावाला नव्हे. कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यात गट ग्रामपंचायतीचे कार्यालय एका गावात असते आणि तांडा दूर. तांडा आकडेवारीत जोडलेला असतो!

तांत्रिक बाजूही समजून घ्यावी. केबल १.६५ मीटर खोल पुरावी असा दंडक आहे. काळ्या मातीत ते जमते, कातळात खर्च वाढतो आणि खोली घटते. मग रस्त्याचे रुंदीकरण निघते, नळयोजनेचा चर खोदला जातो, केबल तुटते. ती एका ओळीत टाकलेली असेल तर तुटीच्या पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या, म्हणूनच केबलचे वलय करण्यावर भर आहे: एक बाजू तुटली तर दुसरीकडून वाट. त्यात दहा वर्षांची देखभालही धरली आहे. कालव्यांच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला फार उशिरा सुचले होते.

जुने अहवाल वाचताना एक पथ्य पाळावे. ब्रॉडबँडची सरकारी किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे पाहावे.

वारणेचा प्रयोग मात्र सावकाश वाचावा. १९९८ साली वारणानगर परिसरातली सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी केला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम चालवून पाहिले, आणि ते कमी खर्चात भागले. यावरून ‘गावाला फायबर कशाला’ असा निष्कर्ष काढणारे भेटतील. मला तो पटत नाही. उसाच्या वजनाला एसएमएस पुरतो, दवाखान्यातून शहरातल्या डॉक्टरला एक्स-रे दाखवायला पुरत नाही.

सिंचनात २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना कालव्याच्या व्यवस्थापनात स्थान मिळाले. पण गावातल्या फायबरची राखण कोणी करायची, त्याचे पैसे ग्रामपंचायतीने द्यायचे की वापरणाऱ्याने, यावर मराठीत लिखाण तुटपुंजे आहे. नव्या अभ्यासकाने आपला पहिला निबंध यावरच लिहावा, आणि त्यासाठी आधी टेलच्या ग्रामपंचायतीचे तक्रार रजिस्टर मागून घ्यावे.