नळाचा वायसर आणि कायद्यातली झीज

जून-जुलै आला की आमच्या नात्यातली दोन-चार मुलं तरी पुण्याला शिकायला येतात. हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाहीतर तिघा-चौघांत मिळून एखादा फ्लॅट. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रश्न सारखेच. नळ गळतोय, काय करू? फ्यूज उडाला, कुणाला बोलावू? आणि एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण मनात असतोच : हे आपण करायचं की मालकाने? डिपॉझिटमधून कापणार तर नाहीत ना?

मंडळी, या प्रश्नांना चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की उत्तरही आपोआप सापडतं.

आधी नळ. पूर्वीच्या नळांत धातूच्या तोंडात धातूचंच बूच फिरायचं. धातूवर धातू घासला की दोन्ही झिजणार आणि नळ गळणार. इंग्लंडात रॉदरहॅम इथल्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली पिळून बंद करायच्या नळाचं पेटंट घेतलं. अशा नळात पितळ पितळेला भिडत नाही, मध्ये एक मऊ चकती दाबली जाते. सुरुवातीला चामड्याची, पुढे रबराची. तोच आपला वायसर! झिजायचं काम त्याच्याकडे सोपवलं आणि पितळ वाचलं. नळ गळायला लागला म्हणजे नळ बिघडला असं नाही, वायसरने आपलं काम पूर्ण केलं इतकंच. मुख्य कॉक बंद करायचा, नळात उरलेलं पाणी सोडून द्यायचं, पान्याने वरचा भाग उघडायचा, काही रुपयांचा नवा वायसर बसवायचा. झालं. (अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आतला सिरॅमिकचा भागच बदलावा लागतो. तो मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा हवा.)

फ्यूजचंही तेच. एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचं पेटंट घेतलं. कल्पना साधी : घरभरच्या वायरिंगमध्ये एक तुकडा मुद्दाम कमजोर ठेवायचा. वीज जास्त वाहिली की तो वितळतो आणि भिंतीतल्या वायरी वाचतात. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार भरायचं काम जुन्या वाड्यांत राहणारा प्रत्येक विद्यार्थी शिकायचा. त्यात एक वाईट खोडही होती. तार सारखी उडते म्हणून काही जण जाड तांब्याची तार घालायचे. मग फ्यूज काही उडायचा नाही, पण वितळायची पाळी भिंतीतल्या वायरीवर यायची. झिजणाऱ्याला झिजू दिलं नाही की भलतंच काहीतरी झिजतं! जर्मनीत मानहाइमला ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ मध्ये ज्याचं पेटंट झालं, त्या स्वयंचलित स्विचचा वारस म्हणजे आजचा एमसीबी. तो उडाला तर आधी इस्त्री, हीटर वगैरेचे प्लग काढा आणि मग तो वर करा. पुन्हा उडाला तर जबरदस्ती नको, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता मालकाचा प्रश्न. गंमत म्हणजे कायद्यालाही ही झीज ठाऊक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करावी, पण वाजवी वापराने झालेली झीज सोडून. म्हणजे झीज हा कुणाचा गुन्हा नाही. शिवाय जी दुरुस्ती मालकाकडे आहे ती त्याने सांगूनही केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, हेही त्याच कलमात आहे.

मग हे नातं बिघडलं कुठे? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याचा मोठा आधार होता. पण महागाई वाढली आणि भाडं तिथेच राहिलं. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. वर्षानुवर्षं वायसर कुणी बदलायचा यावर दोघं अडून बसले की पुढे भिंतच बदलायची वेळ येते, ती अशी.

विद्यार्थ्यांसाठी एक खाच आहे. त्यांचा करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा असतो. कायद्याच्या दृष्टीने ते भाडेकरू नसतात, त्यामुळे कलम १०८ त्यांना आपोआप लागू होत नाही. करारात लिहिलंय तेच खरं. म्हणून सही करण्याआधी दुरुस्तीचं कलम वाचा. राहायला जाताना भिंतीवरचे डाग आणि भेगा यांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

आणि करारात काही लिहिलेलंच नसेल तर? केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे एक आदर्श भाडेकरार कायदा नमुना म्हणून ठेवला. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणं, वायरिंग ही मालकाची कामं. स्विच, सॉकेट, मोरीचं तुंबणं ही राहणाऱ्याची. आणि राहणाऱ्याच्या यादीत चक्क नळाचे वायसर बदलणंही आहे!

मला ही वाटणी पटते. जे बदलता यावं म्हणूनच बनवलंय ते राहणाऱ्याने बदलावं, आणि जे टिकावं म्हणून बनवलंय ते मालकाने सांभाळावं. यातलं पहिलं तुमच्या हातात आहे. ते केलंत की दुसरं मागताना आवाज खाली करावा लागत नाही.